धक्का खासगी, किनारा सरकारी

2007 सालचा डिसेंबर संपत आला तेव्हा अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातला लेक लेनिअर समुद्रसपाटीपासून 1,050.79 फुटांवर येऊन टेकला होता. उन्हाळ्यात हा जलाशय पूर्ण भरतो तेव्हा पातळी असते 1,071 फूट. वीस फूट पाणी आटलं, की काठ नुसता खाली सरकत नाही, दूरही जातो. उथळ खाड्यांमध्ये तर पाणी दिसेनासंच झालं. तांबड्या चिखलावर शेकडो खासगी धक्के एका अंगावर कलंडून पडले होते. ज्यांना जमलं त्यांनी आपले तरंगते धक्के पाण्याच्या मागे मागे ढकलत नेले. नोव्हेंबरात राज्याचे गव्हर्नर सनी पर्ड्यू यांनी अटलांटात विधानभवनाच्या पायऱ्यांवर पावसासाठी जाहीर प्रार्थना घेतली होती. नावांच्या मालकांपेक्षा अटलांटाच्या नळांची काळजी त्यामागे अधिक होती, हे उघड आहे.

त्या कलंडलेल्या धक्क्यांची मालकी मात्र मजेशीर आहे. लाकूड, लोखंड, छप्पर, सगळं घरमालकाचं. त्याखालचं पाणी, पाण्याखालची जमीन आणि घराच्या कुंपणापासून पाण्यापर्यंतचा काठ यांतलं काहीच त्याचं नाही. तो काठ अमेरिकेच्या केंद्र सरकारचा, म्हणजे व्यवहारात आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स या लष्करी अभियांत्रिकी खात्याचा. स्थानिक लोक त्याला नुसतं ‘कोअर’ म्हणतात आणि सरकारी हद्दीला ‘कोअर लाइन’. घराची जाहिरात कितीही ‘लेकफ्रंट’ म्हणून झाली, तरी लेक आणि फ्रंट यांच्यामध्ये सरकारची पट्टी असतेच.

ही पट्टी आली धरणामुळे. चॅटाहूची नदीवर ब्यूफर्ड गावाजवळ धरणाचं काम 1 मार्च 1950 रोजी सुरू झालं. पूरनियंत्रण, वीज आणि खालच्या नदीतली जलवाहतूक ही कारणं कागदावर होती. 1 फेब्रुवारी 1956 ला दरवाजे बंद झाले आणि जलाशय पूर्ण भरायला 1959 चा मे उजाडला. सुमारे 38,000 एकर पाणी आणि 692 मैलांचा वाकडातिकडा काठ. तलावाला नाव दिलं सिडनी लेनिअर या जॉर्जियाच्या एकोणिसाव्या शतकातल्या कवीचं. चॅटाहूचीवर त्याने कविता लिहिली होती.

बुडीत क्षेत्रासाठी सरकारने पहिला तुकडा विकत घेतला तो 14 एप्रिल 1954 रोजी. विकणारे हेन्री शॅडबर्न 81 वर्षांचे होते. नदीवर नाव चालवून लोकांना पैलतीरी पोचवणं हा त्यांचा धंदा. शंभर एकरांचे त्यांना 4,100 डॉलर मिळाले, म्हणजे एकराला 41 डॉलर. पुढे हजारो नावा ज्या पाण्यावर विसावणार होत्या, त्या पाण्याखाली पहिली जमीन गेली ती एका नावाड्याची. सरकारी भूसंपादनाला असले योगायोग कळत नाहीत.

जमिनीची गोष्ट त्याहूनही मागे जाते. तलावाच्या पश्चिमेची फोरसाइथ काउंटी 1912 साली कृष्णवर्णीयांपासून बळजबरीने रिकामी करण्यात आली होती. एका गोऱ्या तरुणीच्या हत्येनंतर एका कृष्णवर्णीयाला जमावाने ठार केलं, दोन पोरसवदा मुलांना सरकारने फाशी दिली आणि रात्रीच्या टोळ्यांनी जवळपास 1,100 माणसांना हुसकावून लावलं. काहींनी मिळेल त्या भावात जमीन विकली, काहींची तशीच गेली. आज अनेकजण सांगतात की तलावाने कृष्णवर्णीयांचं एक नांदतं गाव बुडवलं. ऑस्करविल परिसराचा काही भाग पाण्याखाली गेला हे खरं. पण तिथली कृष्णवर्णीय वस्ती पाणी येण्याच्या चाळीसहून अधिक वर्षं आधीच उठवली गेली होती. 1954 मध्ये सरकार खरेदीला आलं तेव्हा तिथे विकायला कृष्णवर्णीय मालक उरलेच नव्हते. किनारा कुणाचा हा वाद त्यामुळे ज्यांच्या तोंडी आहे, त्यांत त्या कुटुंबांचे वारस सहसा दिसत नाहीत.

तलाव भरला आणि अटलांटाकरांना तासाभराच्या अंतरावर सुट्टीचं ठिकाण मिळालं. काठालगतच्या शेतांचे प्लॉट पडले, प्लॉटवर लाकडी घरं आली आणि घरापुढे धक्के. सुरुवातीचे अनेक धक्के म्हणजे रिकाम्या पिंपांवर ठोकलेल्या फळ्या. पिंपं गंजली की धक्का एका कोपऱ्याने पाण्यात बसायचा. पिंपांची जागा पांढऱ्या थर्मोकोलने घेतली तर त्याचे दाणे सुटून काठाला लागायचे. आता नियमाने पिंपं बंद आहेत. फोम वापरायचा तर टणक आवरणात बंदिस्त हवा.

देशभर असे तलाव वाढले, तसे धक्केही. सार्वजनिक काठाला खासगी अंगणाचं रूप येऊ लागलं, तेव्हा कोअरने 13 डिसेंबर 1974 रोजी काठाच्या व्यवस्थापनाचा नियम जाहीर केला. त्यातली मेख तारखेत होती. ज्या तलावांवर त्या दिवसापर्यंत खासगी धक्के नव्हते, तिथे पुढेही ते होणार नाहीत. जिथे होते तिथे काठाचे भाग पाडायचे: कुठे मर्यादित बांधकाम, कुठे सार्वजनिक करमणूक, कुठे संरक्षित काठ, कुठे प्रवेशबंदी. लेनिअरवर धक्के आधीच होते, म्हणून लेनिअर सुटला. नियमाआधी ज्याने पाय रोवला त्याचा फायदा झाला. नियमांचा असा अनुभव सगळीकडचाच आहे.

परवाना ही सरकारची मेहेरबानी, हक्क नव्हे, असं कागदोपत्री कायम लिहिलेलं असतं. पण मतदार धक्क्यावर उभा असला की मेहेरबानी काढून घेणं सोपं नसतं. 1986 च्या जलसंपदा विकास कायद्यात काँग्रेसने तरतूद केली, की कायदेशीर रीतीने बसवलेला आणि सुरक्षित ठेवलेला जुना धक्का सरसकट हटवायला लावता येणार नाही. तात्पुरती परवानगी अशी हळूहळू पक्की होत गेली. कोअरच्या हाती उरलं ते नव्यांना आवरणं. 2004 च्या आराखड्याने लेनिअरवरच्या खासगी धक्क्यांची कमाल संख्या ठरवली: 10,615. सबंध काठाला भागलं तर मैलाला सरासरी पंधरा. प्रत्यक्षात संरक्षित भाग मोकळे आहेत, त्यामुळे उरलेल्या खाड्यांत नावांची दाटी होते.

दाटीवरचा कोअरचा आवडता उपाय म्हणजे सामाईक धक्का. दहा घरांनी दहा धक्के टाकण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एकच टाकावा, प्रत्येकाला नावेपुरता एकेक गाळा. ऐकायला छान. पण परवान्यासाठी एका माणसाला पुढे करावं लागतं आणि सगळ्या गाळ्यांची जबाबदारी त्याच्या डोक्यावर येते. शेजाऱ्याने नाव नीट बांधली नाही, तरी खात्याचं पत्र याच्या घरी. धक्का वापरू देण्याबद्दल भाडं घ्यायला मनाई, मुक्कामाला नावेत राहायला मनाई. शिवाय सगळे गाळे सारखे नसतात. पाणी उतरू लागलं की काठाकडच्या गाळ्यातली नाव आधी चिखलात रुतते आणि टोकाच्या गाळ्यातली शेवटपर्यंत तरंगते. सोसायटीत पार्किंगची जागा वाटून घेतलेल्या माणसाला यापुढचं भांडण सांगायला नको.

विजेचा प्रश्न याहून गंभीर. दिवे आणि नाव उचलायची यंत्रं यांसाठी वीज थेट पाण्यावर नेलेली असते. वायरिंग जुनं झालं की प्रवाह पाण्यात उतरतो आणि पोहणाऱ्याला काही दिसत नाही. 2023 च्या जुलैत लेनिअरवर एका खासगी धक्क्यावरून पाण्यात उडी मारलेला तरुण विजेच्या धक्क्याने दगावला.

बाकी लोकांचं काय? सरकारी पट्टीवरून कुणीही चालत जाऊ शकतो, काठावर गळ टाकून बसू शकतो. घरमालकाला तिथे ‘प्रवेश बंद’ची पाटी लावता येत नाही, तलाव दिसावा म्हणून परवानगीशिवाय झाडही तोडता येत नाही. आलेल्या माणसाने त्याच्या धक्क्यावर मात्र चढायचं नाही. कागदावर हे स्पष्ट आहे. पण पायवाट, कापलेलं गवत आणि खुर्च्या पाहून अनोळखी माणूस आपणच कुणाच्या तरी अंगणात शिरलो असं समजून परत फिरतो. अतिक्रमणासाठी भिंत बांधायचीही गरज पडत नाही.

ज्या फोरसाइथमधून माणसं हाकलली गेली, तिथे 2020 च्या जनगणनेत सुमारे 18 टक्के लोक आशियाई वंशाचे निघाले. त्यांत भारतीय मोठ्या संख्येने आहेत आणि अटलांटाच्या उत्तरेला स्थिरावलेली मराठी कुटुंबंही. त्यांच्यापैकी कुणी तलावाकाठचं घर बघायला गेलं, तर एक गोष्ट ठाऊक असलेली बरी. धक्क्याचा परवाना घराबरोबर विकला जात नाही. खरेदीखत झालं की विकणाऱ्याचा परवाना संपतो, आणि नव्या मालकाला कोअरकडे स्वतःच्या नावाने अर्ज करावा लागतो. लांबी-रुंदी, तरंगाऊ फोम, वायरिंग यांत काही नियमाबाहेर निघालं तर दुरुस्तीचा खर्च त्याचाच. जाणते खरेदीदार त्यामुळे सौदा पक्का करण्याआधी परवान्याचा क्रमांक, काठाच्या नकाशावरचा वर्ग आणि वायरिंगचा दाखला मागून घेतात.