डार्विनचें निनांवी दुखणें

चार्लस् डार्विन म्हटलें कीं जी भरघोस पांढरी दाढी आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते, ती त्यानें ऋषिमुनींसारखें दिसावें म्हणून ठेविलेली नव्हती. १८६२ सालीं त्याच्या चेहऱ्यावर इसब उठलें, वस्तरा लावणें असह्य झालें, आणि दाढी वाढली. इसब हा तर त्याच्या दुखण्यांतला अगदीं लहान भाग. ओकाऱ्या, पोटांतला वायु, छातींतली धडधड, अंगाला सुटणारा कंप, कानांतला नाद, डोळ्यांपुढचे काळे ठिपके, चार माणसांशीं अर्धा तास बोललें तरी येणारी ग्लानि, हा सर्व परिवार त्याच्या घरीं जवळ जवळ चाळीस वर्षें मुक्काम ठोकून होता. तेवढ्या काळांत वीसांवर डॉक्टरांनीं त्याला तपासलें. दुखण्याचें नांव मात्र एकालाही सांगतां आलें नाहीं. किंवा खरें सांगावयाचें तर जो तो निराळें नांव सांगून गेला.

श्रोतेहो, उत्क्रांतिवादाविषयीं आपण पुष्कळ ऐकलें आहे. मला आज बोलावयाचें आहे तें डार्विन या रोग्याविषयीं. घरांत एक माणूस वर्षानुवर्षें आजारी आहे, औषधांच्या चिठ्ठ्यांची चळत वाढते आहे, आणि रोग कांहीं सांपडत नाहीं, अशीं घरें प्रत्येक आळींत एक दोन तरी असतातच. त्यांना ही हकीकत परकी वाटणार नाहीं.

डार्विनला वैद्यकाची अपूर्वाई नव्हती. आजोबा इरॅस्मस् नामांकित वैद्य. वडील रॉबर्ट हे श्रूझबरी येथील बड्या व्यवसायाचे डॉक्टर. मुलानेंही तोच मार्ग धरावा म्हणून त्यांनीं १८२५ सालीं त्याला एडिंबरोला पाठविलें. तेथें त्यानें दोन शस्त्रक्रिया पाहिल्या, त्यांतली एक लहान मुलावरची. क्लोरोफॉर्म अद्याप यावयाचें होतें. दोन्ही वेळां तो मध्येंच पळाला, आणि दोन वर्षांत त्यानें वैद्यकाला रामराम ठोकला. पुढें १८३१ सालीं ‘बीगल’ जहाज सुटण्याची वाट पाहत तो प्लिमथ बंदरांत थांबला असतां त्याची छाती धडधडूं लागली, दुखूं लागली. आपल्याला हृद्रोग झाला आहे अशी त्याची खात्री झाली; तरी त्यानें डॉक्टरांना दाखविलें नाहीं. न जाणों, ते आपल्याला प्रवासास नालायक ठरवतील! नोकरीच्या वैद्यकीय तपासणीपूर्वीं दुखणें गिळून बसणारे उमेदवार आपल्याकडेही कमी नाहींत.

पांच वर्षांचा तो प्रवास त्यानें मोठ्या हिमतीनें केला. १८३४ सालीं चिलींत कांहीं आठवडे तो अंथरुणास खिळला होता, आणि १८३५ च्या मार्चांत मेंडोझाजवळ एका खेड्यांत रात्रीं ‘बेंचुका’ नांवाचा मोठा काळा रक्तपिपासू किडा त्याला चावला. या किड्याची आठवण ठेवावी. त्याचें काम पुढें आहे. १८३६ सालीं तो मायदेशीं परतला तो धडधाकट माणूस म्हणून. दुसऱ्याच वर्षीं छातीची धडधड पुन्हां सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, काम बंद ठेवा आणि खेड्यांत जाऊन राहा. १८३९ सालीं एम्मा वेजवुडशीं त्याचें लग्न झालें, आणि १८४२ सालीं दोघें लंडन सोडून केंट परगण्यांतील डाऊन या खेड्यांत राहावयास गेलीं तीं कायमचीं.

या सुरुवातीच्या वर्षांत त्याचे खरे घरगुती डॉक्टर म्हणजे त्याचे वडीलच. त्यांच्या शब्दावर त्याची अपार श्रद्धा. आपल्याला बळ येण्यास अजून कित्येक वर्षें लागतील असें वडिलांना वाटतें, हें त्यानें १८४१ सालीं भूगर्भशास्त्रज्ञ लायेल याला कळविलें. त्या पत्रांतली खंत आजही वाचवत नाहीं. १८४८ च्या नोव्हेंबरांत वडील वारले. मुलाची प्रकृति इतकी ढासळली होती कीं अंत्यविधीलाही त्याला वेळेवर पोंचतां आलें नाहीं. ज्याच्यावर डोळे मिटून विसंबावें असा वैद्य आतां उरला नव्हता.

दुखण्याहून जास्त झोंबणारी गोष्ट आणखी एक होती. डार्विन उंचापुरा, चेहऱ्यावर तांबूस तेज. त्याला पाहून लोक म्हणत, काय छान दिसतां हो तुम्ही! आपण सोंग करतों असें बहुतेकांना वाटतें, तुला मात्र कधीं वाटलें नाहीं, अशा अर्थाचें त्यानें हुकर या मित्राला एकदां लिहिलें आहे. ज्याला जखम नाहीं, सूज नाहीं, ताप नाहीं, त्याचें दुखणें लोक ऐकून घेतात, पण मानीत नाहींत.

१८४९ च्या मार्चांत तो सहकुटुंब मालव्हर्नला गेला. तेथें डॉक्टर जेम्स गली पाण्याचे उपचार करीत असे. टेनिसनसारखे कवि, कार्लाइलसारखे पंडित त्याच्याकडे जात. पावणेसातला उठावयाचें, थंडगार पाण्यांत भिजविलेल्या खरखरीत पंचानें अंग घासून घ्यावयाचें, मागून नोकरानें आणि पुढून आपण स्वतः, तें लाल होईपर्यंत, मग पेलाभर पाणी पिऊन वीस मिनिटें चालावयाचें. पोटावर ओल्या कापडाची घडी, तिच्यावर मेणकापड; ती दर दोन तासांनीं भिजवून जवळ जवळ दिवसभर बांधावयाची. साखर, लोणी, मसाले, चहा सर्व वर्ज्य. डार्विननें बहिणीला हें सर्व मोठ्या गमतीनें कळविलें आहे. (पाण्याच्या उपचारांची ही युरोपीय लाट पुढें कूने यांच्या पुस्तकांतून गांधीजींपर्यंत आली, आणि १९४६ सालीं त्यांनीं पुण्याजवळ उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम काढला, हें आपल्याला ठाऊक आहेच.)

त्याला बरें वाटलें. ओकाऱ्या थांबल्या, भूक लागूं लागली. पण गलीचा विश्वास पाण्यावरच थांबत नव्हता. तो होमिओपाथीच्या गोळ्या दिवसांतून तीन वेळां देई. डार्विन त्या आज्ञाधारकपणें घेई, तिळमात्र श्रद्धा नसतां! गलीचा अंतर्ज्ञान्यांवरही विश्वास. त्याच्या आग्रहास्तव डार्विन अशाच एका बाईकडे गेला, अशी गोष्ट त्याच्या घरांत सांगत. जातांना त्यानें एका पाकिटांत नोट घालून पाकीट बंद केलें होतें. आंतला नंबर सांगा, म्हणाला. बाई रागावली, असलीं कामें माझी मोलकरीणसुद्धां करते, म्हणाली. मग त्याच्या पोटांत काय काय भयंकर चाललें आहे तें मात्र तिनें सविस्तर सांगितलें.

ही गोष्ट हंसून सोडून देण्यासारखी आहे, पण डार्विननें ती नुसती हंसून सोडली नाहीं. १८५० च्या सप्टेंबरांत फॉक्स या आपल्या दूरच्या नात्यांतल्या भावाला लिहितांना त्यानें एक मुद्दा मांडला. कांहींच उपचार केला नाहीं तर रोगाचें पुढें काय होतें हें कोणासही ठाऊक नाहीं; मग होमिओपाथी म्हणा कीं दुसरें कांहीं म्हणा, त्याचा गुण मोजावयाचा कशाशीं लावून? औषध घेणारे आणि न घेणारे असे दोन गट करून तुलना करावी, ही पद्धति वैद्यकांत रूढ होण्यास पुढें शतक उलटावें लागलें. पोटावर ओलीं फडकीं बांधून घेणाऱ्या या रोग्याला तिचें मर्म तेव्हांच उमगलें होतें.

आणि त्यानें स्वतःवर होईल तेवढें केलें. १ जुलै १८४९ पासून १८५५ च्या जानेवारीपर्यंत त्यानें प्रकृतीची रोजनिशी ठेविली. रात्र कशी गेली, पोटानें कितीदां त्रास दिला, अंग कांपलें काय, सर्व मोजक्या शब्दांत. बऱ्या दिवसांना रेघांची खूण, आणि महिनाअखेर अशा दिवसांची बेरीज. बागेंत त्यानें उंचावरून पाणी पडेल अशी खोली बांधून घेतली. भर हिवाळ्यांत तो त्या धारेखालीं उभा राही, आणि त्याचें कण्हणें बाहेर मुलांना ऐकूं येई. बेरजा सांगत होत्या तें एवढेंच, कीं पाण्यानें उतार पडतो, पण रोग जात नाहीं.

मालव्हर्नचें नांव त्या घराला पुढें दुसऱ्याच कारणानें कडू झालें. दहा वर्षांची लाडकी मुलगी ॲनी आजारी पडली. गलीवर भरंवसा ठेवून बापानें तिला १८५१ च्या मार्चांत तेथें नेलें. एम्माचे दिवस भरत आले होते, म्हणून ती डाऊनलाच राहिली. २३ एप्रिलला मुलगी गेली. पुढें बारा वर्षें डार्विन मालव्हर्नला उपचारांसाठीं गेला नाहीं. आणि १८६३ सालीं गेलीं तेव्हां त्यांना तिचें थडगें प्रथम सांपडेना.

१८५७ सालीं तो मूर पार्क येथें लेन नांवाच्या तरुण डॉक्टराकडे गेला. उपचार तेच पाण्याचे. पण फॉक्सला त्यानें कळविलें कीं गलीपेक्षां हा मला आवडतो; जें त्याला किंवा कोणाही डॉक्टराला समजावून सांगतां येण्यासारखें नाहीं तें समजावून सांगण्याचा आव हा आणीत नाहीं. हें वाक्य मला त्याच्या साऱ्या रुग्णचरित्रांत मोलाचें वाटतें. त्या काळच्या डॉक्टरांना रोग ओळखतां आला नाहीं याबद्दल त्यांना बोल लावतां येणार नाहीं. क्ष-किरण १८९५ सालचे. ताप मोजण्याची नळीसुद्धां तेव्हां सर्रास वापरांत नव्हती. त्यांच्याजवळ नव्हतें तें ज्ञान. पण सांगतांना ते असें सांगत, जणूं सर्व कांहीं उलगडलें आहे. कोणी म्हणे पोट बिघडलें, कोणी म्हणे मेंदूला शीण झाला, कोणी म्हणे अंगांत मुरलेला संधिवात. रोग्याचा जीव तिथें कातावतो.

२४ नोव्हेंबर १८५९ रोजीं त्याचा जगप्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला, तेव्हां ग्रंथकार यॉर्कशायरमध्यें इल्कले येथें आणखी एका जलोपचारगृहांत पडून होता. १८६३ पासूनचीं वर्षें सर्वांत वाईट. ब्रिंटन या पोटाच्या तज्ज्ञानें मेंदू किंवा हृदय हें मूळ नव्हे असें सांगितलें. जेनरनें औषधें दिलीं. बेन्स जोन्सनें अन्न तोडलें. १८६५ सालीं चॅपमन आला. हा मूळचा पुस्तकप्रकाशक, मागाहून डॉक्टर झालेला. पाठीच्या कण्यावर बर्फाच्या पिशव्या, दीड दीड तास, दिवसांतून तीनदां! त्याच्यासाठीं डार्विननें आपल्या लक्षणांची यादी लिहून काढली. तींत आवरतां न येणारें रडणेंही, एखाद्या प्राण्याचें वर्णन करावें तितक्या शांतपणें नमूद केलें आहे. बर्फ निरुपयोगी ठरला. तेव्हां एम्माला त्या भल्या डॉक्टराचेंच वाईट वाटलें.

या एम्माशिवाय हें चरित्र अपुरें राहील. रात्री जागणें, पत्रें लिहिणें, कादंबऱ्या वाचून दाखविणें, आणि रोज रात्रीं सोंगट्यांसारख्या ‘बॅकगॅमन’चे दोन डाव खेळणें. १८७६ पर्यंत आपण २,७९५ डाव जिंकलों आणि ती फक्त २,४९० असें नवऱ्यानें ओरडून मित्राला कळविलें. मोजण्याची खोड तीच. पैशाची ददात नव्हती, चाकरी नव्हती, म्हणून दिवसाकांठीं दोन तीन तास काम करून बाकी पडून राहणें त्याला जमलें. एखाद्या कारकुनाला हेंच दुखणें झालें असतें तर?

मरणानंतरही डॉक्टरांची रीघ थांबली नाहीं. १९०९ सालीं ब्राझीलमध्यें चागस यांनीं बेंचुकाच्या जातीच्या किड्यांपासून होणारा एक रोग शोधून काढला. १९५९ सालीं ॲडलर यांनीं डार्विनला तोच जडला होता असें प्रतिपादिलें. पण प्लिमथची धडधड तर किडा चावण्याच्या आधींची! मग कोणी सोमलाची विषबाधा सुचविली, कोणी आईच्या अकालीं मृत्यूचा मनावरचा आघात, कोणी दूध न पचणें, कोणी आंतड्याचा दाह. आजही एकमत नाहीं.

शेवटच्या दुखण्याला मात्र नांव मिळालें. १८८२ च्या मार्चांत त्याच्या छातींत कळा येऊं लागल्या, आणि हा हृदयाचा विकार आहे असें डॉक्टरांनीं निदान केलें. त्याच महिन्याच्या २४ तारखेला बर्लिनमध्यें कॉख यांनीं क्षयाचा जंतु सांपडल्याचें जाहीर केलें. १९ एप्रिलला दुपारीं चारच्या सुमारास, एम्मा जवळ असतां, डार्विन गेला. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलें आहे तें हृदयाचें. पोटाचा उल्लेख त्यांत नाहीं.