झाडू गेला, शिट्टी उरली

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांचे कीर्तन हे खरे तर लोकांना विचार करायला लावण्याचे तंत्र होते. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावाला वऱ्हाडीत प्रश्न विचारायचे. उत्तर श्रोत्यांनीच द्यायचे. विचारणाऱ्याच्या हाती आधी झाडू असे, प्रश्नाचा अधिकार तिथून येई.

2000 च्या सुमारास बांगलादेशात कमल कार यांनी स्वच्छतेसाठी निराळी पद्धत बसवली. गावकऱ्यांनीच जमिनीवर नकाशा काढून कोण कुठे शौचाला जातो ते दाखवायचे. पुढचा निर्णयही त्यांचाच. लाजेचा उपयोग तिच्यातही होता, पण ती साऱ्या गावाने एकत्र बसून पाहिलेली लाज होती.

महाराष्ट्रात 2000-01 पासून बाबांच्याच नावाने ग्रामस्वच्छता अभियान आले. स्पर्धा, गुण, बक्षिसे आली. कार यांची पद्धतही पुढे इथे पोचली. हागणदारीमुक्तीचे उद्दिष्ट तारखेला बांधले गेले आणि दोन्हींतले वेळखाऊ भाग गळाले. उरले 'गुड मॉर्निंग पथक': पहाटेची शिट्टी, टॉर्च, गुलाबाचे फूल (ही कोणाची थट्टा?), दंड.

ही लाज कोणाच्या वाट्याला आली? यवतमाळच्या कापूसपट्ट्यात ज्याला वावर आहे तो आपल्याच धुऱ्याआड जातो. भूमिहीन मजूर बाई रस्त्याच्या कडेला सापडते. तिच्या घराला संडासापुरती जागा नाही, हे जमिनीवरच्या नकाशात दिसले असते. बाबांनी तो प्रश्न वावरवाल्यालाच विचारला असता.

2018 साली ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. जागेचा प्रश्न आपल्या गावच्या ग्रामसभेत एकदा तरी निघाला होता काय, हे कार्यकर्त्यांनी विचारून पाहावे.