शिपायांची दापोली

दापोलीला कोकणात कॅम्प म्हणतात, ते कंपनी सरकारच्या छावणीमुळे. पुढे तेथे महार पेन्शनरांची वस्ती झाली. गावाने अक्षरापासून दूर ठेवलेल्या या माणसांना पलटणीतल्या शाळेने वाचावयास शिकविले होते. मुलांनाही तेथे शिकणे सक्तीचे असे. सरकारचा हेतू चांगल्या शिपायापुरताच असावा. पण गणवेश उतरला तरी अक्षर काही उतरत नाही!

हवालदार गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली निवृत्त झाले. पेन्शनीवर स्वस्थ न बसता त्यांनी लेखणी उचलली आणि १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली. पुढे महारांची फौजेतील भरती बंद झाली. नोकरीबरोबर मुलांची शाळाही जाणार, हे पेन्शनरांनी ओळखले. १८९४ साली वलंगकरांनी सरकारासाठी अर्ज सिद्ध केला. भरती मात्र खुली झाली नाही.

त्याच सुमारास सुभेदार रामजी सकपाळ दापोलीस राहावयास आले. पलटणीच्या शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापकी केलेला हा गृहस्थ पुढे सातारा जिल्ह्यात रोखपालाची नोकरी करू लागला. धाकटा भीमराव तेव्हा साताऱ्याच्या शाळेत, वर्गात घरून आणलेल्या गोणपाटावर निराळा बसून शिकत होता.