यंत्रखेळाडूंचा करारमदार

शिरवण्याच्या शेजारी, नेरुळच्या मैदानावर, 25 ऑक्टोबर 2017 रोजी सतरा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात स्पेनने मालीवर 3–1 असा विजय मिळविला, तेव्हा ज्या संघभावनेने प्रेक्षक मोहून गेले, तिचाच एक निराळा इतिहास त्यापूर्वी वीस वर्षे जपानातील नागोया शहरी, संगणकाच्या उदरातील आभासी मैदानावर, सुरू झाला होता.

1997 सालच्या ‘रोबोकप’ या यंत्रखेळाडूंच्या पहिल्या फुटबॉल स्पर्धेत इत्सुकी नोदा यांनी रचलेल्या मैदानाचा कायदा मोठा कडक होता. प्रत्येक खेळाडू हा स्वतंत्र प्रोग्रॅम. त्यास दिसे ते केवळ आपल्या नजरेच्या टप्प्यातले, तेही अंधुक. आणि सोबत्यास निरोप धाडावयाचा तर तो जाहीर उच्चारावा लागे, जो दूरच्या स्वकीयास ऐकू जात नसे, पण जवळच्या प्रतिपक्षास मात्र खुशाल ऐकू येई.

तेथे तिसऱ्या आलेल्या ‘आयसिस’ संघाचे सूत्रधार मिलिंद तांबे हे पिलानीस शिकून अमेरिकेस गेलेले संशोधक. त्यापूर्वी लष्करी सरावाकरिता त्यांनी आभासी हेलिकॉप्टरांची तुकडी सिद्ध केली होती. एकदा ही तुकडी ठरल्या जागी तळ देऊन थांबली, टेहळणीस एकच हेलिकॉप्टर पुढे गेले, ते टेकडीवर आदळून नष्ट झाले, आणि मागचे सारे पथक त्याच्या वर्दीची वाट पाहत बेमुदत ताटकळत राहिले. प्रत्येकाने आपापला हुकूम चोख बजावला होता. परंतु वर्दी देणाराच नाहीसा झाला तर काय करावे, याची तजवीज कोणाच्याच दप्तरी नव्हती. या साऱ्या इतिहासाची खरी सुरुवात मी येथे मानतो.

यातून सिद्ध झालेल्या ‘स्टीम’ या योजनेत तांब्यांनी कोहेन व लेव्हेक यांच्या संयुक्त संकल्पाच्या उपपत्तीचा आधार घेतला: अंगीकृत कार्य तडीस गेले, असाध्य ठरले वा निरर्थक झाले, हे ज्यास प्रथम उमगेल त्याने ते सर्वांस कळवावे; मात्र निरोपाचा खर्च आणि मौनाचे नुकसान यांचा हिशेब करूनच बोलावे. हेच नियम हेलिकॉप्टरांनी पाळले आणि फुटबॉलपटूंनीही.

पीटर स्टोन व मॅन्युएला वेलोझो यांनी वेगळा मार्ग धरला. सामन्यापूर्वी निवांतपणे बोलता येते, तेव्हा व्यूह, भूमिका आणि कोणत्या वेळी काय पालटावे याचा करार आधीच करून ठेवावा, म्हणजे मैदानात निरोप हरवला तरी खेळ अडत नाही. नागोयास चौथा आलेला त्यांचा संघ 1998 साली पॅरिसला व 1999 साली स्टॉकहोमला विजेता ठरला.

तांब्यांचा ‘टुवर्ड्स फ्लेक्झिबल टीमवर्क’ हा 1997 सालचा निबंध संगणकशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलांनी मुळातून वाचावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.