वीज गेली... पण कुणामुळे?

मंडळी, १२ ऑक्टोबर २०२० आठवतोय? सोमवार, सकाळचे दहा. कोविडमुळे लोकलमध्ये फक्त अत्यावश्यक सेवेतली माणसं, बाकी आपण सगळे घरूनच लॉगिन केलेले. आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली! लोकल जागच्या जागी थांबल्या.

पुढे २८ फेब्रुवारी २०२१ ला 'रेकॉर्डेड फ्यूचर' या अमेरिकन कंपनीचा अहवाल आला. चीनशी संबंधित 'रेडएको' गटाने भारताच्या वीज यंत्रणेला लक्ष्य केलं, असं त्यात होतं. मुंबईच्या अंधाराशी संबंध सिद्ध झालेला नाही, हेही त्यातच होतं. दुसऱ्याच दिवशी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख सायबर घातपाताची शक्यता बोलून दाखवतात, तर तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणतात, ही मानवी चूक. घ्या आता!

असो. राजकारण बाजूला ठेवूया. असा घातपात खरंच होऊ शकतो का? होऊ शकतो. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेटने इराणमधल्या नतांझच्या पीएलसींचा प्रोग्राम बदलला होता. सेंट्रिफ्यूज बिघडत होते, पडद्यावर मात्र सगळं आलबेल!

२३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये हल्लेखोर आणखी एक पायरी खाली उतरले. आधी दुरूनच ब्रेकर उघडून सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज घालवली. मग सबस्टेशनमधल्या सिरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टरच्या फर्मवेअरवर भलतंच काहीतरी लिहून ठेवलं. कंट्रोल रूममधून पाठवलेली आज्ञा ब्रेकरपर्यंत पोचेचना. शेवटी माणसं गाड्या काढून सबस्टेशनवर गेली, हाताने ब्रेकर जोडले आणि काही तासांत वीज आली.

हे जमतं कसं? आपला फोन अपडेट घेताना कंपनीची डिजिटल सही तपासतो. कारखान्यातली, सबस्टेशनमधली कित्येक जुनी उपकरणं ती तपासतच नाहीत. जे फर्मवेअर द्याल ते मुकाट्याने घेतात. शिवाय ती पंधरा-वीस वर्षं चालवायची असतात आणि पॅच टाकायला वीज बंद कोण करणार?

बाहेरून बघितलं तर चूक असो वा घातपात, ब्रेकर पडलेलाच दिसतो. फरक कळायला उपकरणात नेमकं कोणतं फर्मवेअर आहे आणि ते मूळचंच आहे का, याची नोंद हवी. आता दुरून वीज तोडता येणारे स्मार्ट मीटर घराघरात येताहेत. मीटर बसवायला येणाऱ्याला बिलाबद्दल विचाराल तेव्हा सोसायटीच्या मीटिंगमध्ये हेही विचारा: याचं फर्मवेअर कोण बदलू शकतं? आणि संगणक गप्प झाला, तर हाताने ब्रेकर जोडणारी माणसं आहेत ना?