ऐकून शिकण्याची खानदेशी वाट

पॉडकास्टमधून शिकणे नवे वाटते, पण खानदेशात ऐकून शिकण्याची परंपरा जुनी आहे. असोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अक्षरओळख नव्हती, तरी ओव्या, कीर्तने आणि शेतातली बोलणी ऐकून त्यांची समज घडली. मात्र नुसते ऐकणे पुरेसे नसते, हे १९५६ साली पुणे परिसरात झालेल्या शेतकी रेडिओ मंडळांच्या प्रयोगाने दाखवले. युनेस्को आणि आकाशवाणीने नाशिकसह पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत गट बसवले. अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची आणि शंका आकाशवाणी केंद्राला कळवायच्या, अशी रीत होती. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पाहणीत मंडळे असलेल्या गावांतल्या लोकांची माहिती नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा कितीतरी जास्त वाढलेली आढळली.

कुणी म्हणेल, रेडिओची वेळ ठरलेली असे. पॉडकास्ट हवा तेव्हा थांबवता येतो, पुन्हा ऐकता येतो, मग गट कशाला? ही सोय मोलाची आहेच. पण तिने उजळणी होते, शंका सुटत नाही. खानदेशातल्या चोपड्यात तापीकाठचा केळी-कापूसवाला शेतकरी अहिराणी बोलतो, सातपुड्यातला पावरा आदिवासी विद्यार्थी पावरी. त्यांच्या बोलीतला पाठ शिक्षकाने गटात किंवा वर्गात एकत्र ऐकवला आणि त्यावर प्रश्न विचारू दिले, तरच तो पाठ खरा शिकवेल. यंत्र बदलले तरी शिक्षकाचे काम तेच राहते.