फिजिक्स शिकून काय करणार?



गटाच्या बैठकीत मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला, की नर्सिंग, डी.एड., फार्मसी ही नावं सगळ्यांना लगेच कळतात. पण एखादीची लेक "मला एम.एस्सी. फिजिक्स करायचंय" म्हणाली, की क्षणभर सगळ्या गप्प होतात. मग कुणीतरी विचारतंच, "ते शिकून काय करणार?" हा प्रश्न आजचा नाही. शंभर वर्षं तो बायकांना विचारला जातोय आणि विचारणाऱ्यांत नोबेल मिळवलेली माणसंही होती. आज त्या प्रश्नाचाच इतिहास सांगते.

फिजिक्स म्हणजे पदार्थविज्ञान, पुस्तकी नाव भौतिकशास्त्र. उजेड, उष्णता, वीज, चुंबक, आवाज, अणू, तारे हे सगळं कुठल्या नियमानं चालतं ते शोधायचं. कुकरची शिट्टी का होते इथपासून सूर्य इतकी वर्षं तापलेला कसा राहतो इथपर्यंत सगळं त्यातच येतं. बी.एस्सी. झाली की पुढं दोन वर्षांची एम.एस्सी. आणि त्याच्या पुढं स्वतः संशोधन करून पीएच.डी.

कोल्हापूरपासून सुरुवात करू. इथलं राजाराम कॉलेज १८८० सालचं. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड होता. १९०१ पासून त्यांनी वसतिगृहं उभी केली, त्याचं नाव सगळ्या देशात झालं. पण ती मुलांची होती, हेही सांगायला पाहिजे. मुलींसाठी त्यांनी जे केलं, त्यातलं मला सर्वांत मोठं वाटतं ते घरातलं. मुलगा गेल्यावर लहान वयात विधवा झालेल्या सुनेला, इंदुमतीदेवींना, त्यांनी राजवाड्यातल्या विरोधाला न जुमानता सोनतळीला ठेवून शिकवलं. त्याच्याही आधी कृष्णाबाई केळवकर डॉक्टर झाल्या, संस्थानाच्या मदतीनं परदेशी जाऊन पुढचं शिकून आल्या आणि कोल्हापूरच्या दवाखान्यात काम करू लागल्या.

आता बघा, डॉक्टरीण शिकवायला राजा तयार झाला, लोकही तयार झाले. कारण बाळंतपणाला पुरुष डॉक्टर नको होता, बाईच पाहिजे होती. उपयोग डोळ्यांना दिसत होता. मास्तरीण शिकवली तीही त्याच कारणानं. फिजिक्स शिकलेल्या बाईची मात्र कुणाला गरज वाटत नव्हती. म्हणून ती वाट उशिरा उघडली आणि तिथं भांडावं लागलं.

हे भांडण एका मराठी मुलीनं केलं. कमला भागवत तिचं नाव, पुढं त्या कमला सोहोनी झाल्या. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. वडील आणि काका दोघं बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये रसायनशास्त्र शिकलेले. कमलाबाईंनी १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. केली. मुख्य विषय रसायन, जोडीला फिजिक्स, आणि नंबर पहिला. मग त्यांनी बंगळूरला अर्ज केला. तिथले संचालक होते सर सी. व्ही. रामन, फिजिक्सचं नोबेल मिळवून तीन वर्षं झालेले. उत्तर आलं, मुलींना प्रवेश नाही.

वडिलांनी रदबदली केली, तिचाही उपयोग झाला नाही. तेव्हा कमलाबाई स्वतः गेल्या आणि रामन यांच्या ऑफिसबाहेर सत्याग्रहाला बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्षभर नियमित विद्यार्थिनी म्हणून नोंद होणार नाही. कामाचा दर्जा संचालकांना पटला तरच ते काम धरलं जाईल. आणि आपल्यामुळं तिथल्या मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये.

रामन मोठे शास्त्रज्ञ होते, त्याबद्दल वादच नाही. पण या अटी वाचल्या की मला आपल्या घरातल्या अटी आठवतात. शीक, पण दिवस मावळायच्या आत घरी ये. शीक, पण कुणाच्या नजरेत येऊ नको. मुलांची नजर सांभाळायची जबाबदारी मुलीचीच.

वर्षभरानं रामन यांना तिचं काम पटलं. तिला नियमित प्रवेश मिळाला आणि तिच्यामागून इतर मुलींनाही दार उघडं झालं. पुढं १९३९ साली कमलाबाईंना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. बटाट्यावर काम करून त्यांनी वनस्पतींच्या श्वसनातला एक महत्त्वाचा घटक दाखवून दिला. प्रबंध अवघा चाळीस पानांचा. मुंबईला परत आल्यावर त्यांनी डाळी, दूध आणि नीरा यांतल्या पोषणावर काम केलं. नीरेवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं. एवढं होऊनही बंगळूरचा तो अपमान त्या विसरल्या नाहीत. म्हातारपणीसुद्धा जाहीर सभेत त्यांनी तो बोलून दाखवला. बरं केलं, असंच मी म्हणेन.

उघडलेल्या त्या दारातून १९४० साली अ‍ॅना मणी आत आल्या. केरळच्या पीरमेडजवळच्या, वेलदोड्याच्या मळ्यांच्या घरातल्या. त्या घरात मुलं नोकरीसाठी शिकायची आणि मुली लग्नासाठी वाढायच्या. आठव्या वाढदिवसाला घरच्या रिवाजाप्रमाणं हिऱ्याच्या कुड्या पुढं आल्या, तर पोरगी म्हणाली, कुड्या नकोत, ज्ञानकोशाचे खंड द्या. आणि गंमत अशी, की पुढं रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांना काम मिळालं ते हिऱ्यांवरच. हिऱ्यातून उजेड कसा जातो, कसा बाहेर पडतो, याचे फोटो घ्यायचे. एकेका फोटोला पंधरा-वीस तास लागायचे, म्हणून रात्री तिथंच मुक्काम व्हायचा. त्या कामावर त्यांचे पाच शोधनिबंध छापून आले. १९४५ साली त्यांनी पीएच.डी.साठी प्रबंध दिला आणि मद्रास विद्यापीठानं तो नाकारला. का, तर बाईंच्याकडं एम.एस्सी.ची पदवी नाही! बी.एस्सी. ऑनर्सवर शिष्यवृत्ती मिळाली होती, एम.एस्सी. मधेच राहून गेली होती.

मैत्रिणींनो, ही गोष्ट लक्षात ठेवा. काम पूर्ण होतं, कागद नव्हता. एम.एस्सी. कशाला, बी.एस्सी. पुरे झाली असं आपण सहज म्हणतो. ती दोन वर्षं नसली की पुढची किती दारं लागतात, ते अ‍ॅनाबाईंना विचारावं.

त्या काही रडत बसल्या नाहीत. सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला जाऊन हवामान मोजायची यंत्रं शिकल्या आणि १९४८ साली आपल्या पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या. तोवर ही यंत्रं परदेशातून यायची. त्यांनी शंभरेक यंत्रांचे आराखडे पक्के करून घेतले आणि यंत्रं इथं बनायला लागली. १९५७-५८ पासून देशात जागोजागी ऊन मोजायची केंद्रं बसवली. कुठल्या भागात वर्षभर किती ऊन पडतं, याचा ग्रंथ त्यांनी १९८० साली काढला. आज शेतात सौर पंप बसवतात, घरावर पॅनेल टाकतात, त्यामागं उन्हाचा जो हिशेब असतो, त्याचा पाया या बाईंनी घातलाय. उपयोग काय, या प्रश्नाचं एक उत्तर इथं आहे. पण ते कळायला तीस वर्षं जावी लागली.

हे सगळं बंगळूर, मुंबई, पुण्याचं झालं. आपल्या भागातल्या मुलीची अडचण वेगळीच होती. राजाराम कॉलेजात शिकलं तरी पदवी आधी मुंबई विद्यापीठाची आणि नंतर पुण्याची. पुढं शिकायचं तर मुख्यतः त्या शहरांतच जाऊन राहायचं. पोराला पाठवणारी घरं होती, पोरीला पाठवणारी किती असतील? म्हणून मला १८ नोव्हेंबर १९६२ ही तारीख फार मोठी वाटते. त्या दिवशी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं. इतिहासकार डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू. नुसत्या माळावर इमारती उठल्या आणि सांगली, सातारा, सोलापूरपर्यंतच्या पोरापोरींना आपलं विद्यापीठ मिळालं. कागल, गारगोटी, राधानगरीच्या मुलीला एम.एस्सी. एस.टी.च्या अंतरावर आली. कायदा बदलून जेवढ्या मुली शिकल्या असतील, तेवढ्याच अंतर कमी झाल्यामुळंही शिकल्या असतील असं मला वाटतं.

विद्यापीठाच्या फिजिक्स विभागाचं नाव झालं ते पातळ थरांच्या कामामुळं. हे काम समजून घ्यायला आपल्याला अवघड नाही. बोअरचं पाणी रोज तापवलं की पातेल्याला आतून पांढरा थर धरतो, बरोबर? तसंच काचेच्या पट्टीवर मुद्दाम, मोजून मापून थर धरवायचा. काचेच्या भांड्यात धातूच्या क्षाराचं पाणी घ्यायचं, त्यात दुसरं रसायन घालायचं, ऊब किती, वेळ किती, आंबटपणा किती हे सांभाळायचं आणि पट्टी बुडवून ठेवायची. केसापेक्षा कितीतरी बारीक थर बसतो. दुसरी एक रीत आहे. पट्टी एका भांड्यात बुडवायची, साध्या पाण्यात धुवायची, मग दुसऱ्या भांड्यात बुडवायची, असं पुन्हा पुन्हा. मेणात वात बुडवून मेणबत्ती जाड करतात, तसं. तिसरी रीत म्हणजे तापलेल्या काचेवर द्रावणाचा फवारा मारायचा.

या थरांपासून उन्हाची वीज करणारे सेल, गॅसची गळती ओळखणारे सेन्सर आणि वीज साठवायची साधनं बनतात. मोठ्या देशांत असे थर बसवायला महागडी निर्वात यंत्रं वापरतात. कोल्हापुरात प्रा. शिवाजीराव पवार, प्रा. चंद्रकांत लोखंडे, प्रा. पी. एस. पाटील यांच्यासारख्या शिक्षकांनी बीकर, तापवायची शेगडी आणि फवाऱ्यावर जोर दिला. या रीतींवरचे त्यांचे लेख जगभरचे संशोधक वाचतात. पैसा कमी, म्हणून डोकं जास्त चालवलं, हे आपल्या गटांनाही ओळखीचं आहे. आणि खरं सांगायचं तर तापमान, वेळ आणि प्रमाण सांभाळण्यात बाईमाणूस कमी पडेल, असं पापड-लोणचं करणाऱ्या कुणालाही वाटणार नाही.

कोल्हापूरला जयंत नारळीकरांचा अभिमान आहे. १९३८ साली इथंच जन्मलेले हे शास्त्रज्ञ. पण आपल्यासाठी मला त्यांच्या पत्नी मंगलाताई जास्त जवळच्या वाटतात. १९६४ साली मुंबई विद्यापीठातून गणितात एम.ए., तेही सुवर्णपदकासह. मग लग्न, परदेश, तीन मुली. पीएच.डी. मिळाली ती १९८१ साली. मधली सतरा वर्षं कशात गेली, ते तुम्हाला सांगायला नको. पण हातात एम.ए. होती, म्हणून सतरा वर्षांनीसुद्धा पुढचं पाऊल टाकता आलं.

आता आपल्या नोंदवहीकडं येऊ. म्हैस, पिठाची गिरणी, शिलाई मशीन यांना कर्ज मंजूर करताना आपण हप्ता कसा फिटणार एवढंच विचारतो. शिक्षणाच्या कर्जाला मात्र "लग्न झाल्यावर सासरचे पाठवतील का" असंही विचारतो. म्हशीच्या वेळी ती आटली तर काय, हा प्रश्न कधी कुणी इतका ताणलेला मी ऐकला नाही. हप्ता विचारणं रास्तच आहे, म्हणून त्याबद्दल बोलते. एम.एस्सी. झाल्या झाल्या नोकरी लागेलच असं नाही. कॉलेजात प्राध्यापक व्हायला नेट किंवा सेट परीक्षा पास व्हावी लागते आणि जागा थोड्या असतात. शाळेत शिकवायचं तर बी.एड. लागतं. पण नेटच्या परीक्षेत वरच्या क्रमांकात येऊन फेलोशिप मिळाली, तर पीएच.डी. करताना २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात. त्याशिवाय मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, अनुसूचित जातींसाठी बार्टी आणि इतर मागास वर्गासाठी महाज्योती या राज्याच्या संस्था पीएच.डी.साठी फेलोशिप देतात.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी घरात किंवा गटात असेल, तर एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा कधी आहे आणि अर्ज कधी सुरू होतात, याची चौकशी तिच्या कॉलेजात आत्ताच करा. तारीख निघून गेली की वर्ष जातं. विद्यापीठातच नव्हे, संलग्न असलेल्या काही कॉलेजांतही फिजिक्सची एम.एस्सी. आहे. जवळचं कोणतं ते विचारा, वसतिगृहाचा अर्ज वेगळा असतो का तेही विचारा. एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा चौकशीला मुलीबरोबर आईनंही जावं आणि येताना विभागाची प्रयोगशाळा बघून यावी.